भोपाळचा कार्बाइड कारखाना: गॅसच्या आधीचं विष

जून 2025 च्या अखेरीस इंदूरजवळच्या पिथमपूरमधल्या भट्टीत युनियन कार्बाइडच्या कचऱ्याचा शेवटचा हप्ता जळाला. भोपाळचं विष एकदाचं संपलं, असा बऱ्याच बातम्यांचा सूर होता. जळाला तो 337 टन कचरा, कारखान्याच्या आवारातल्या गोदामात वीस वर्षं भरून ठेवलेला. कारखाना मात्र जागेवरच आहे आणि त्याच्याखालची मातीही. त्या मातीची गोष्ट 1984 च्या डिसेंबरात नाही, तर त्याच्या पंधरा वर्षं आधी सुरू होते.

भोपाळच्या उत्तरेला, रेल्वे स्टेशनपासून फार लांब नसलेल्या काली परेड मैदानाच्या सरकारी जमिनीवर 1969 मध्ये युनियन कार्बाइड इंडिया लिमिटेडने हा कारखाना उभारला. कंपनीचे 50.9 टक्के भाग अमेरिकन मालकीचे होते. सुरुवातीला इथे फक्त 'सेविन' या कीटकनाशकाची मिश्रणं होत. मग सेविन इथेच बनू लागलं. त्यासाठी लागणारा मिथाइल आयसोसायनेट, म्हणजे 'मिक', अमेरिकेतून यायचा. 1980 पासून तोही इथेच तयार होऊ लागला. परवाना वर्षाला 5,000 टनांचा होता, पण तेवढा खप कधीच झाला नाही. तोट्यातला कारखाना म्हणून देखभालीच्या खर्चाला कात्री लागत गेली, हे सर्वश्रुत आहे. कमी बोललं जातं ते कचऱ्याबद्दल.

कीटकनाशक बनवताना जे उरतं, बिघडतं, सांडतं, ते कुठेतरी टाकावं लागतं. इथे पहिल्या दिवसापासून ते आवारातच खड्डे करून टाकलं गेलं. नॅफ्थॉलचा डांबरासारखा गाळ, क्लोरीनयुक्त द्रावकं, 'सेविडॉल' या दुसऱ्या कीटकनाशकासाठी वापरलेलं लिंडेन, पारा, सगळं. 1977 मध्ये कुंपणाबाहेर उत्तरेला बाष्पीभवनाचे तलाव खोदले. तळाला प्लास्टिकचं अस्तर, त्यावर कारखान्याचं सांडपाणी. उन्हाने पाणी उडून जावं आणि गाळ तळाशी राहावा, ही कल्पना. वर्षातले तीन-चार महिने धो धो पाऊस पडणाऱ्या गावात हा हिशेब कोणी मांडला कोण जाणे. 1982 मध्येच तलाव गळत असल्याची काळजी कंपनीच्या अंतर्गत संदेशांत नोंदवलेली आहे. गॅस अजून दोन वर्षं लांब होता.

त्याच वर्षी राजकुमार केसवानी या पत्रकाराने आपल्या 'रपट' या छोट्या साप्ताहिकात शहर ज्वालामुखीच्या तोंडावर बसलंय असं लिहिलं. 1981 च्या डिसेंबरात फॉस्जीन या विषारी वायूमुळे एक कामगार दगावला होता, तिथून त्यांनी धागा पकडला होता. पुढचं आपल्याला माहीत आहे. 2 डिसेंबर 1984 च्या रात्री 610 क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरलं, मिक उकळलं आणि सुमारे 40 टन वायू शहरावर पसरला. टाकीचं शीतकरण सहा महिने बंद होतं. वायू जाळणाऱ्या मनोऱ्याचा पाइप दुरुस्तीसाठी काढलेला होता. मृतांच्या आकड्यावर आजही एकमत नाही: सुरुवातीचा सरकारी आकडा 2,259, नंतर 3,787, आणि गॅसपीडितांच्या संघटनांच्या मते त्याच्या कितीतरी पट.

यानंतरचा एक प्रसंग सहसा सांगितला जात नाही. दुर्घटनेनंतर शेजारच्या टाकीत वीसेक टन मिक शिल्लक होतं. त्याचं करायचं काय? वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे (सीएसआयआर) प्रमुख डॉ. एस. वरदराजन यांच्या पथकाने ठरवलं की त्याचं सेविनच करून टाकायचं, म्हणजे तोच कारखाना पुन्हा चालू करायचा. 16 डिसेंबरला 'ऑपरेशन फेथ' सुरू झालं. कुंपणाभोवती ओली गोणपाटं टांगली होती, वरून हेलिकॉप्टर पाणी शिंपडत होतं. लोकांना भरवसा वाटावा म्हणून मुख्यमंत्री अर्जुनसिंह स्वतः कारखान्यात जाऊन बसले. लोकांनी काय केलं? मिळेल त्या गाडीने शहर सोडलं. मोहीम सुखरूप पार पडली, आणि कारखाना चालला तो शेवटचा.

मग तो तसाच पडून राहिला. 1989 मध्ये कंपनीने स्वतः आवारातल्या माती-पाण्याचे नमुने तपासले, तेव्हा त्यात सोडलेले मासे मेले. ही गोष्ट बाहेर आली ती पुढे अमेरिकेतल्या खटल्यात सादर झालेल्या कागदपत्रांतून. 1994 मध्ये भारतीय कंपनीतला अमेरिकन हिस्सा विकला गेला, 1998 मध्ये जमीन राज्य सरकारकडे परत आली, 2001 मध्ये अमेरिकेतली मूळ युनियन कार्बाइड कंपनी डाऊ केमिकलने घेतली. मालक बदलत गेले तसं 'साफ कोणी करायचं' हे उत्तर एकाच्या अंगणातून दुसऱ्याच्या अंगणात जात राहिलं. तलावांतला गाळ एका तलावात गोळा करून वर माती लोटली होती.

नागपूरच्या 'नीरी' या सरकारी पर्यावरण संशोधन संस्थेने इथे पहिल्यापासून तपासण्या केल्या. सुरुवातीच्या अहवालांत कारखान्याबाहेरच्या पाण्याला धोका नसल्याचा सूर होता. 1999 मध्ये ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेच्या पाहणीत मातीत पारा आणि भूजलात क्लोरीनयुक्त रसायनं सापडली. 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वस्त्यांना स्वच्छ पाणी पुरवण्याचा आदेश दिला. हापशांना लाल रंग फासून 'पाणी पिण्यायोग्य नाही' असं लिहिलं गेलं. उन्हाळ्यात टँकर आला नाही की त्याच हापशावर घागर भरली जाई. 2018 पर्यंत दूषित भूजलाच्या वस्त्यांची संख्या 42 वर गेली होती. या वस्त्यांत राहणाऱ्या अनेकांचा त्या रात्रीच्या वायूशी संबंधही नव्हता. स्वस्त जागा मिळाली म्हणून ते नंतर आले.

पडीक कारखाना म्हटला की लोकांचे पाय तिकडे वळतात, इथेही वळतात. परवानगी काढून पत्रकार आणि अभ्यासक जातात. वस्तीतली पोरं भिंतीच्या भगदाडातून जात आली आहेत, बकऱ्यांसकट. सगळे मिक विभागाचा गंजलेला सांगाडा बघतात, नियंत्रण कक्षातल्या तबकड्या बघतात, 'सुरक्षितता ही सर्वांची जबाबदारी' अशा अर्थाच्या पाटीचा फोटो काढतात. 610 ची टाकी खोदून काढून गवतात टाकलेली आहे, तिच्यापाशी तर थांबतातच. माझ्या मते आवारातली सगळ्यात निरुपद्रवी वस्तू तीच असावी. मिक पाण्याशी संयोग पावून केव्हाच संपला. धोका पायाखाली आहे आणि तो फोटोत येत नाही. 2009 मध्ये तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी इथला कचरा हातात घेतला आणि मी जिवंत आहे, खोकतही नाही, असं सांगितलं. पण मुठीतली माती तत्काळ मारते असं कोणी म्हटलंच नव्हतं. प्रश्न वर्षानुवर्षं पोटात जाणाऱ्या पाण्याचा होता. त्याच सुमाराला कारखाना जनतेसाठी खुला करण्याचं घाटत होतं, ते मागे पडलं.

आता त्या 337 टनांबद्दल. तो 'गॅसचा कचरा' नव्हता. त्यात 162 टन उकरलेली माती, 92 टन सेविन आणि नॅफ्थॉलचे अवशेष, 54 टन अर्धवट तयार झालेलं कीटकनाशक आणि 29 टन रिअ‍ॅक्टरमधला गाळ होता. म्हणजे रोजच्या धंद्याची शिल्लक. तो 2005 मध्ये गोळा झाला आणि मग कोणालाच नको होता. अंकलेश्वरला न्यायचं ठरलं, गुजरातने नकार दिला. 2011 मध्ये नागपूरजवळ बोरखेडीला डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेच्या भट्टीत जाळायचं ठरलं. विदर्भात विरोध पेटला, प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेलं आणि तोही बेत बारगळला. 2012 मध्ये जर्मन संस्था सुमारे 25 कोटींत तो हँबर्गला न्यायला तयार होती, तिथल्या लोकांनी हरकत घेतली. शेवटी 126 कोटी मंजूर झाले. 1 जानेवारी 2025 च्या रात्री 12 कंटेनर पोलिसांच्या ताफ्यासह 250 किलोमीटरवरच्या पिथमपूरकडे निघाले, आणि दोनच दिवसांत पिथमपूर रस्त्यावर उतरलं. नागपूरकरांना जे नको होतं ते पिथमपूरकरांनी का घ्यावं, याचं समाधानकारक उत्तर कोणाकडेच नव्हतं. कचरा जळाल्यावर तिथे शेकडो टन राख उरली आणि ती कुठे पुरायची यावरून वाद झाला.

नीरीने हैदराबादच्या एनजीआरआय या भूभौतिकी संशोधन संस्थेबरोबर 2010 मध्ये दिलेल्या अहवालात साफ कराव्या लागणाऱ्या दूषित मातीचा अंदाज होता 11 लाख टन. पिथमपूरला गेलेल्या मालात मातीचा वाटा होता 162 टनांचा.