लॅमिनेटेड आणि कर्व्ह काच

दोन किंवा जास्त काचांच्या मधे प्लास्टिकचा पातळ थर घालून उष्णतेनं आणि दाबानं एकजीव केली की ती लॅमिनेटेड काच, आणि भट्टीत तापवून साच्याचा बाक दिला की ती कर्व्ह काच. दोन्ही एकत्रही करता येतात. कोल्हापुरात या काचा दिसतात त्या शोरूमच्या दर्शनी भागात, कॅप्सूल लिफ्टला, बंगल्याच्या जिन्याला आणि गॅलरीच्या रेलिंगला.

आधी एक घोळ मिटवूया. बंगल्याचं काम काढलेला माणूस फॅब्रिकेटरला सांगतो "टफन टाका, म्हणजे टेन्शन नाही", आणि टफन म्हणजेच सेफ्टी असं धरून चालतो. टफन काच ६०० अंशांच्या वर तापवून हवेच्या झोतानं एकदम गार करतात, त्यामुळं ती साध्या काचेच्या चार-पाच पट ताकदवान होते आणि फुटली तर बारीक तुकडे होतात, मोठी पाती सुटत नाहीत. हे सगळं खरं, पण फुटल्यावर ती जागेवर राहत नाही, पूर्ण चौकट मोकळी होते. म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या रेलिंगची काच फुटली तर रेलिंगच गेलं. लॅमिनेटेडला तडे गेले तरी तुकडे मधल्या थराला चिकटून राहतात. गाडीत हेच बघायला मिळतं, पुढची काच लॅमिनेटेड असते म्हणून दगड लागला की तड्यांची जाळी पडते पण तुकडे आत येत नाहीत, बाजूची बहुतेक टफन असते म्हणून ती ढीग होऊन खाली पडते. त्यामुळं काच घेताना ती किती मजबूत यापेक्षा फुटल्यावर काय होणार हे आधी विचारावं. डोक्यावरची काच, पायाखालची काच आणि जिच्या पलीकडं खोल आहे अशी काच लॅमिनेटेडच पाहिजे, मग तिच्यातले दोन्ही पदर टफन असले तर उत्तमच. फक्त दोन्ही टफन पदर एकदम फुटले तर साध्या थराची काच ओल्या घोंगडीसारखी लोंबते, म्हणून पायऱ्या आणि वरून आधार नसलेल्या रेलिंगला आयोनोप्लास्ट नावाचा जास्त कडक थर वापरतात, तो महाग पडतो.

लॅमिनेटेड काचेचा शोध फ्रेंच माणसाचा, एदुआर बेनेदिक्त्यूस. १९०३ साली प्रयोगशाळेत त्याच्या हातून फ्लास्क पडला, तडकला पण विखुरला नाही, कारण आत नायट्रोसेल्युलोज (प्लास्टिकसारखं रसायन) वाळून चिकटलेलं होतं, अशी गोष्ट सांगतात; पेटंट १९०९ चं. आता थर बहुतेक पीव्हीबी नावाच्या प्लास्टिकचा असतो, ०.३८ मिमीच्या पटीत येतो, म्हणजे ०.७६, १.१४, १.५२ असा. रोलरनं हवा काढून काच ऑटोक्लेव्हमधे, म्हणजे उष्णता आणि दाब देणाऱ्या बंद टाकीत जाते, तिथं साधारण १३५ ते १४० अंश आणि १२ ते १४ बार दाब. छोट्या युनिटमधे ईव्हीए या दुसऱ्या प्लास्टिकचा थर घालून व्हॅक्यूम ओव्हनमधे काम भागवतात. पीव्हीबी अतिनील किरणं जवळजवळ सगळी अडवतं, म्हणून साडीच्या दुकानाच्या शोकेसला ही काच बरी, पण रंग उडायचे पूर्ण थांबत नाहीत कारण साधा उजेड आणि उष्णताही रंग उडवतात. रस्त्याचा आवाजही थोडा कमी होतो.

कोल्हापुरात खरी परीक्षा पावसाची. पीव्हीबी कडेनं ओलावा ओढतं, मग कडा दुधाळ दिसायला लागतात, बुडबुडे येतात, थर सुटतो. उघडी कड ठेवून बसवलेलं रेलिंग किंवा खालच्या चॅनेलला पाणी निघायला भोकं नसणं ही यामागची नेहमीची कारणं, आणि तिसरं कारण सांध्यात भरायचं सिलिकॉन. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं स्वस्त सिलिकॉन या थराला मानवत नाही, न्यूट्रल सिलिकॉनच मागून घ्यावं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शाहूपुरी, व्हीनस कॉर्नरकडं पाणी शिरलं होतं, अशा भागात तळमजल्याच्या लॅमिनेटेड काचेची खालची कड पाण्यात राहिली असेल तर नुसती पुसून सोडून देऊ नये, कड पांढरी पडतेय का ते पुढंही बघत राहावं.

कर्व्हचं काम वेगळं. साधी काच साच्यावर ठेवून हळूहळू तापवली की स्वतःच्या वजनानं बसते आणि मग सावकाश गार करतात. लॅमिनेट करायची असेल तर दोन्ही पदर एकावर एक ठेवून एकदमच वाकवतात म्हणजे बाक जुळतो. टफन कर्व्हमधे मात्र प्रत्येक पदर वेगळा वाकतो, मधे बारीक फट राहू शकते, म्हणून थर जाड घेतात. टफन झाल्यावर कापणं नाही, भोक पाडणं नाही, कड घासणं नाही. त्यामुळं माप आधी, आणि मापात नुसती रुंदी-उंची देऊन चालत नाही, त्रिज्या, कमानीची लांबी, दोन टोकांतलं सरळ अंतर आणि मधली खोली सगळं पाहिजे. शहाणा माणूस प्लायचं टेम्पलेट काढून पाठवतो. उद्यमनगर आणि शिरोलीच्या फौंड्रीवाल्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही, पॅटर्न (ओतकामाचा नमुना) चुकला की पुढचं सगळं चुकतं हे त्यांच्या रोजच्या कामातलं आहे. गोल जिना असेल तर काँक्रीट झाल्यावर, फरशी बसल्यावरच माप घ्यायचं, नकाशावरून ऑर्डर दिली तर काच बसेलच असं नाही.

बाक दिल्यानं काच जास्त ताठ होते, पातळ काचेत काम होतं, हा फायदा. तोटा प्रतिबिंबाचा, समोरची इमारत वाकडी दिसते आणि आतल्या बाजूला वळलेली काचेची मोठी भिंत ऊन एका जागी गोळा करते. लंडनच्या २० फेनचर्च स्ट्रीटवरच्या 'वॉकी टॉकी' इमारतीनं २०१३ मधे खाली लावलेल्या जग्वार गाडीचे भाग वितळवले, नंतर तिला सनशेड बसवावे लागले. आपल्याकडच्या दुकानांचे कोपरे बाहेर फुगलेले असतात, त्यांना ही भीती नाही. वाकवलेली काच नवी नाही, लंडनजवळच्या क्यू बागेतल्या १८४८ च्या पाम हाऊस या काचघराला ती होती. नव्या राजवाड्याच्या दरबार हॉलमधल्या रंगीत काचा लोक कधीकधी यातच धरतात, पण ते स्टेन्ड ग्लासचं काम, वेगळी कला. गगनबावड्यावरून खाली वैभववाडीकडं उतरलं की नापणे धबधब्यावर काचेचा पूल आहे, पायाखाली काच म्हणजे काय ते तिथं कळतं.

वजन लोक विसरतात. एक मिमी जाडीची एक चौरस मीटर काच अडीच किलो भरते, म्हणजे सहा अधिक सहा मिमीची लॅमिनेटेड चौरस मीटरला तीस किलो, आणि चार बाय आठ फुटांचा एक पीस नव्वदच्या आसपास. कर्व्ह असेल तर तो उभा-आडवा कसाही धरता येत नाही, लाकडी क्रेट लागतं, आणि गुजरीच्या बोळात किंवा जुन्या पेठेत ट्रक आत जात नाही, मग माणसं लावून न्यावी लागते. काच उतरवून घेताना कोपऱ्यात आयएसआय मार्क आणि आयएस २५५३ (सेफ्टी काचेचं भारतीय मानक) चा शिक्का आहे का ते बघावं. एक पीस जादा करून घ्यायचा की नाही हेही ऑर्डरच्या वेळीच ठरवलेलं बरं, कारण नंतर एकट्या पीससाठी साचा परत लावायचा तर भाव वेगळाच लागतो.