ताशी ५० मिलिमीटर : मुंबईच्या नाल्यांच्या आकड्यामागची गोष्ट

मुंबईच्या पर्जन्यजलवाहिन्यांची क्षमता ताशी ५० मिलिमीटरवरून १०० किंवा १२० पर्यंत नेण्याची चर्चा गेली काही वर्षे सुरू आहे. हिंदमाता किंवा मिलन सबवे अशा सखल जागी पाणी तुंबले की हे आकडे पुन्हा बाहेर येतात. जुने नाले २५ चे होते, मग ५० चे झाले, आता १२० चे करायचे, असा सरळ चढता हिशेब त्यातून वाचकाच्या डोक्यात बसतो. तो तसा नाही.

शहर भागातले विटांच्या कमानींचे नाले ब्रिटिश काळातले. ताशी २५ मिलिमीटर पाऊस, तोही ओहोटीच्या वेळी, वाहून जावा या बेताने ते बांधलेले होते. या २५ च्या पोटात आणखी एक गृहीतक होते. पडलेल्या पावसातला निम्माच नाल्यात येईल, उरलेला जमिनीत मुरेल किंवा तळ्या-खाजणांत थांबेल. पडलेल्यापैकी वाहून येणाऱ्या या हिश्श्याला अभियंते अपधाव गुणांक म्हणतात. तो तेव्हा ०.५ धरला होता, म्हणजे नाल्यांना प्रत्यक्षात साडेबारा मिलिमीटरच पेलायचे होते. पुढे खाजणे बुजली, अंगणांवर काँक्रीट आले आणि मुरायला जागा उरली नाही. नाले मात्र तेच राहिले.

१९८५ च्या पुरानंतर सल्लागार नेमले गेले आणि १९९३ मध्ये त्यांचा अहवाल आला. ब्रिमस्टोवॅड (‘बृहन्मुंबई स्टॉर्म वॉटर डिस्पोजल’चे लघुरूप) या बोजड नावाने तो ओळखला जातो. त्याने पाऊस ताशी ५० धरला आणि गुणांक थेट १. थेंबही मुरणार नाही, असे समजून चाला. एका हेक्टरवरून जुन्या हिशेबाने सेकंदाला सुमारे ३५ लिटर पाणी यायचे, नव्याने १३९ लिटर. म्हणजे क्षमता दुप्पट नव्हे, चौपट मागितली होती. वर्तमानपत्रांत ‘२५ चे ५०’ एवढेच छापून येत राहिले. खर्चाचा अंदाज ६१६ कोटींचा होता. पैसे नाहीत म्हणून अहवाल बारा वर्षे धूळ खात पडला.

पण ५० च का? सगळा वाद खरे तर इथे आहे, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी झाली. जमिनीत पुरायचा नाला शतकातल्या सर्वांत मोठ्या पावसासाठी कोणी बांधत नाही. किती वेळा तुंबलेले चालेल, हे आधी ठरवतात. त्या काळी देशभर वापरल्या जाणाऱ्या मार्गदर्शक पुस्तिकेत व्यापारी, मोक्याच्या भागांत दोन वर्षांतून एकदा, मध्यवर्ती निवासी भागांत वर्षातून एकदा आणि बाहेरच्या वस्त्यांत वर्षातून दोनदा तुंबलेले चालेल, असे धरलेले होते. मुंबईसाठी निवडलेले ५० हे वर्षातून दोनदा पाणी साचेल अशा हिशेबातले. म्हणजे तो मोठ्या पावसाचा आकडा कधीच नव्हता. पैशाच्या बाजूने पाहिले तर निवड समर्थनीय होती, कारण एकेका पायरीला खर्च भराभर वाढतो आणि गल्लीबोळात रुंद वाहिनी टाकायला जागाही नाही. खटकते ते वेगळेच. ‘वर्षातून दोनदा पाणी भरेल, हे आम्ही मान्य केले आहे’ असे करदात्याला कोणी स्पष्ट सांगितले नाही. ‘क्षमता’ हा शब्द मात्र हमीसारखा वापरला गेला.

दुसरा गुंता ‘ताशी’ चा. तो वेग आहे. गाडी ताशी ८० ने धावते म्हणजे ती तासभर चालली असे नव्हे. दहा मिनिटांत २० मिलिमीटर पडला तर तो ताशी १२० चा पाऊस झाला. लहान पाणलोटातले, म्हणजे एका नाल्याकडे उतरणाऱ्या छोट्या भागातले, पाणी १५-२० मिनिटांत नाल्यापर्यंत पोहोचते, त्यामुळे तिथे तासाची सरासरी फसवी ठरते. ८ जुलै २०२४ चे उदाहरण बोलके आहे. रात्री एक ते सकाळी सात या सहा तासांत काही ठिकाणी ३०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. भागाकार केला तर सरासरी बरोबर ५० च्या आसपास येते, म्हणजे कागदावर यंत्रणेने तो पेलायला हवा होता. पण पाऊस सरासरीने पडत नाही, आणि लोकल ठप्प झाल्या.

हा गुंता उलगडायला लागते तशी नोंदच २००५ पर्यंत जवळपास नव्हती. २६ जुलैला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर आणि कुलाब्याला ७५ च्याही आत पाऊस झाला. अधिकृत वेधशाळा या दोनच. मधल्या शहरात काय चालले होते ते सांगणारे साधन नाही. तेव्हाच्या स्वयंलेखी पर्जन्यमापकात पाणी चढेल तशी पेन कागदावर वर सरकायची, १० मिलिमीटर भरले की सायफनने भांडे रिकामे व्हायचे आणि पेन पुन्हा शून्यावर. त्या दुपारी एका तासात १९० मिलिमीटर पडले. म्हणजे तासात एकोणीस वेळा रिकामे होणारे भांडे!

त्यानंतरच्या सत्यशोधन समितीने पाणलोटनिहाय विचार आणि जमिनीचा चढउतार दाखवणाऱ्या बारकाईच्या समपातळी नकाशांवर भर दिला. पुढच्याच वर्षी अग्निशमन केंद्रांच्या छतांवर स्वयंचलित पर्जन्यमापक बसले आणि दर १५ मिनिटांचा पाऊस कळू लागला. नाल्यांची चाचणी घेता येऊ लागली ती तेव्हापासून. खोटा पाऊस पाडून नाला तपासता येत नाही. संगणकावर जाळे मांडायचे, नोंदलेला पाऊस त्यावर सोडायचा आणि पाणी खरोखर साचले तिथेच साचते का, हे पाहायचे. २०१० च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी शहरी पूर हा नदीच्या पुरापेक्षा वेगळा विषय मानला आणि नव्या जाळ्यांसाठी गुणांक ०.९५ पर्यंत धरायला सांगितले. मुंबईचा १९९३ चा आग्रह तेव्हा देशाच्या कागदावर आला म्हणायचा.

२००५ नंतर पैसाही आला. केंद्राने २००७ मध्ये १,२०० कोटींना मान्यता दिली. अहवालातल्या कामांतली सर्वांत ठळक म्हणजे उदंचन केंद्रे, म्हणजे पंपांनी पाणी उपसून टाकणारी केंद्रे. त्यांची गरज पातमुखांमुळे, म्हणजे नाले जिथे संपतात त्या तोंडांमुळे. समुद्रात उघडणाऱ्या १८६ पातमुखांपैकी ४५ सरासरी समुद्रपातळीच्या खाली आहेत, १३५ तिच्या वर पण भरतीच्या पातळीखाली. भरतीच्या वर फक्त ६. भरतीत झडपा बंद कराव्या लागतात, मग नाला कितीही रुंद असो, पाणी उपसूनच टाकायचे. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंध ही सहा केंद्रे झाली. एक पंप सेकंदाला ६ हजार लिटर पाणी फेकतो. ताशी ५० च्या पावसात तो साधारण ४३ हेक्टरला पुरतो, १२० ला जेमतेम १८.

अलीकडची दिशा साठवणीची आहे. हिंदमातासाठी दादर आणि परळच्या मैदानांखाली टाक्या बांधल्या गेल्या. भरती ओसरेपर्यंत पाणी त्यांत धरून ठेवायचे. एक कोटी लिटर म्हणजे २० हेक्टरवरचा ५० मिलिमीटर पाऊस. म्हणून टाकीचा उपयोग एखाद्या सखल चौकापुरता होतो, शहरापुरता नाही.

मे २०२५ मध्ये मोसमी पाऊस विक्रमी लवकर आला, कुलाब्यात त्या महिन्याचा विक्रम मोडला आणि वरळीच्या भुयारी मेट्रो स्थानकात पाणी शिरले. त्यानंतर १२० ची मागणी आणखी जोरात झाली. वाहिनीचा उतार तोच ठेवला तर २.४ पट प्रवाहासाठी व्यास सुमारे ४० टक्के वाढवला की भागते, हे गणित सोपे आहे. तेवढी जागा रस्त्याखाली आहे का आणि पातमुखाशी भरतीचे काय, हे दोन प्रश्न त्या गणितात येत नाहीत. १९९३ च्या आकड्यासाठी ठरलेल्या आठ उदंचन केंद्रांपैकी माहूलचे मिठागराच्या जमिनीवरून आणि मोगऱ्याचे जागेच्या मालकीच्या वादात रखडले. २०२५ च्या पावसाळ्यातही चालू होती ती सहाच.