तीन इंचांचं क्षितिज

२५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी विमानं उडू लागली. एअरबसची ए-३२० आणि बोइंगची ७३७ जातीची विमानं आता उलवे, पनवेल, खारघरच्या आकाशात रोजची झाली आहेत. त्यांच्या कॉकपिटमध्ये दोन्ही वैमानिकांपुढे मोठे रंगीत पडदे असतात: विमान किती कललं आहे, नाक किती वर आहे, वेग, उंची, दिशा, सगळं त्यावर दिसतं. या पडद्यांच्या मधोमध सुमारे तीन इंचांचा एक चौकोन असतो. निळं आकाश, तपकिरी जमीन, डावीकडे वेग, उजवीकडे उंची. हे राखीव उपकरण. वर्षानुवर्षं त्याच्याकडे फक्त ताळा पाहण्यापुरती नजर जाते. पण त्याच्यावर विसंबून विमान उडवता येणं ही वैमानिकाच्या प्रशिक्षणातली फार महत्त्वाची गोष्ट आहे.

उपकरणं इतकी लागतात, कारण शरीर खोटं सांगतं. कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्यांतला द्रव मागे रेंगाळला की मेंदूला वळल्याची जाणीव होते. वळण सेकंदाला साधारण २ अंशांपेक्षा मंद असेल, तर ही जाणीव होतच नाही. वेगाने सुरू झालेलं वळणसुद्धा १५-२० सेकंद एकसारखं चालू राहिलं की द्रव नलिकेबरोबर फिरू लागतो, फिरत्या भांड्यातलं पाणी भांड्याबरोबर फिरू लागावं तसा, आणि आपण सरळ चाललो आहोत असं वाटतं. मग विमान खरोखर सरळ केलं, की उलट्या बाजूला वळल्याचा भास होतो. बाहेर क्षितिज दिसत असेल तर डोळे हा भास मोडून काढतात. नवी मुंबईच्या धावपट्टीवरून रात्री पश्चिमेला झेपावलं की न्हावा-शेवा बंदराचे दिवे लवकरच मागे पडतात आणि पुढे समुद्राचा काळोख असतो. पूर्वेला माथेरान-प्रबळगडाची रांग आहे, आणि पावसाळ्यात ती ढगात बुडालेली असते. दोन्हीकडे डोळ्यांना आधार नाही.

काळोखात क्षितिज दाखवणारं उपकरणच फसलं तर काय होतं, ते मुंबईने पाहिलं आहे. १ जानेवारी १९७८ च्या रात्री सांताक्रूझहून दुबईला निघालेलं एअर इंडियाचं ‘एम्परर अशोका’ हे बोइंग ७४७ उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत वांद्र्याजवळ समुद्रात कोसळलं. २१३ जण मृत्युमुखी पडले. उजवं वळण संपवून विमान सरळ झालं होतं, पण कमांडरपुढचं, म्हणजे मुख्य वैमानिकापुढचं, कृत्रिम क्षितिज अजून उजवा कलच दाखवत होतं. तो सुधारण्यासाठी विमान डावीकडे कलवलं गेलं, आणि कलतच राहिलं. मधल्या पट्टीवर तिसरं, स्वतंत्र क्षितिज होतं. ते वेळेत पाहून त्यावर निर्णय झाला नाही.

म्हणूनच छोट्या चौकोनाकडे बघून उडवायला शिकवणं हा प्रशिक्षणाचा सोपा भाग आहे. मोठ्या पडद्यावरचा विश्वास नेमका कधी काढून घ्यायचा, हे शिकवणं कठीण. सिम्युलेटरमध्ये चांगला प्रशिक्षक पडदा एकदम काळा करत नाही, काळा पडदा कोणालाही कळतो. तो क्षितिज हळूहळू कलू देतो. ए-३२० मध्ये दोन वैमानिकांच्या क्षितिजांत ५ अंशांचा फरक पडला की पडद्यावर सूचना उमटते, पण त्यातलं खोटं कोणतं हे ती सांगत नाही. तिथून पुढचा क्रम अंगवळणी पाडावा लागतो: झटका न देता विमान आहे तसं धरायचं, माझं, शेजाऱ्याचं आणि मधलं अशी तिन्ही क्षितिजं मोठ्याने वाचायची, ज्याचं क्षितिज बरोबर असेल त्याच्या हाती विमान द्यायचं आणि मग खटका फिरवून चुकीच्या पडद्याला तिसऱ्या संदर्भ यंत्रणेची, म्हणजे विमानाचा कल मोजणाऱ्या राखीव यंत्रणेची, माहिती पुरवायची.

राखीव उपकरणाची खरी ताकद त्याच्या वेगळेपणात आहे. आधुनिक चौकोनाच्या पोटात त्याचे स्वतःचे गतिसंवेदक असतात. ए-३२० च्या नाकाजवळ वेग मोजण्यासाठी समोरच्या हवेचा दाब घेणाऱ्या तीन पिटो नळ्या आहेत, एक कमांडरसाठी, एक सहवैमानिकासाठी आणि एक राखीव. राखीव नळीतला हवेचा दाब संगणकाच्या मध्यस्थीशिवाय थेट या चौकोनापर्यंत पोहोचतो. सगळे जनित्र बंद पडले तरी राखीव क्षितिज किमान ३० मिनिटं चालेल इतकी स्वतंत्र वीज हवी, असा दंडक आहे.

त्यावर उडवताना अडचणी मात्र येतात. चौकोन लहान, त्यामुळे एका अंशाची चूक केसाएवढी दिसते. तो मधोमध असल्याने दोघांनाही तिरका दिसतो. वळणात असताना त्याच्याकडे झटकन मान वळवली तर कानातल्या दुसऱ्या नलिकाही ढवळल्या जातात आणि विमान गडगडल्याचा भास होतो, म्हणून मान स्थिर ठेवून डोळे फिरवायला शिकवतात. क्षितिज बिघडलंच तर ते पुन्हा जुळवण्याचं बटण किमान २ सेकंद दाबावं लागतं आणि पुढचे १० सेकंद पंख समतल धरावे लागतात. ढगात हे १० सेकंद फार लांब असतात.

एक चूक आपल्या हवेत विशेष महागात पडू शकते. उंचीमापकात स्थानिक हवेचा दाब भरावा लागतो, आणि राखीव उपकरणाची कळ वेगळी असते. समजा उतरताना मुख्य पडद्यांवर पावसाळ्यातला १००० हेक्टोपास्कल (हवेच्या दाबाचं एकक) भरला आणि राखीववर प्रमाण दाब १०१३ तसाच राहिला. एका हेक्टोपास्कलला सुमारे २७ फूट धरले, तर १३ चा फरक साडेतीनशे फुटांवर जातो, आणि तोही धोक्याच्या बाजूला: विमान आहे त्यापेक्षा उंचावर असल्याचं उपकरण दाखवतं. म्हणून दाब भरताना तिन्ही आकडे एकमेकांना वाचून दाखवायची शिस्त असते.

वेगाचा बिघाड याहून फसवा असतो. पिटो नळी समोरून येणाऱ्या हवेचा दाब मोजते, विमानाच्या अंगावरची छिद्रं भोवतालच्या हवेचा दाब घेतात, आणि दोन्हींतल्या फरकावरून वेग निघतो. नळीचं तोंड आणि निचऱ्याचं भोक, दोन्ही बंद झालं, तर आत जुना दाब अडकतो. विमान चढेल तसा बाहेरचा दाब घटतो, फरक वाढतो आणि काटा वेग वाढल्याचं दाखवतो. वैमानिक नाक आणखी वर करतो, तर खरा वेग मरत जातो. ६ फेब्रुवारी १९९६ ला डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या प्वेर्तो प्लाताहून निघालेलं बोइंग ७५७ कमांडरची पिटो नळी तुंबल्याने पडलं, १८९ जण गेले. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला लिमाहून निघालेल्या दुसऱ्या ७५७ ची बाहेरची छिद्रं धुलाईच्या वेळी लावलेल्या चिकटपट्टीने झाकलेली राहिली. तिथे राखीव उपकरणंही फसली, कारण त्यांना दाब पुरवणारी छिद्रंही झाकलेली होती. वैमानिकांनी नियंत्रण कक्षाला उंची विचारली, तर ९७०० फूट असं उत्तर मिळालं, आणि विमान पाण्याला टेकत होतं. नियंत्रकाच्या पडद्यावरची उंची विमानाकडूनच येते, हे त्या घाईत कोणाच्या ध्यानात आलं नाही. आजच्या प्रशिक्षणात म्हणून प्रत्येक आकड्याचा उगम पाठ करून घेतात. जीपीएसची उंची आणि जमिनीवरचा वेग हवेच्या दाबावर चालत नाहीत. जमिनीपासून २५०० फुटांपर्यंत मोजणारा रेडिओ उंचीमापकही त्यावर चालत नाही.

तिन्ही वेग संशयास्पद असतील तर उपाय जुना आणि भरवशाचा आहे. ठरावीक वजनाच्या विमानाचं नाक ठरावीक कोनात धरलं आणि इंजिनाला ठरावीक जोर दिला, तर वेग ठरावीकच येतो, काटा काहीही म्हणो. ए-३२० च्या वैमानिकाला हे आकडे झोपेतून उठवलं तरी सांगता यावे लागतात. ऑटोपायलट बंद, इंजिनांचं स्वयंचलित नियंत्रण बंद, नाक कुठे धरायचं ते पडद्यावर सुचवणाऱ्या मार्गदर्शक पट्ट्या बंद. मग उड्डाणानंतर इंजिनाचा जोर कमी करण्याच्या उंचीखाली नाक १५ अंश वर आणि पूर्ण जोर. त्यावर १०,००० फुटांपर्यंत १० अंश आणि चढणीचा जोर. त्याहून वर ५ अंश आणि चढणीचा जोर. चाकं वर. सुरक्षित उंची गाठली की विमान समतल करायचं, आणि मगच तक्ते उघडून बिघाड शोधायचा. क्रम उलटा झाला की बिघाडाच्या नादात उडवणं मागे पडतं. माथेरानच्या डोंगराची उंची सुमारे ८०० मीटर, म्हणजे अंदाजे २६०० फूट आहे. पूर्वेकडे उडताना आधी चढायचं कशासाठी, ते इथे वेगळं समजावावं लागत नाही.

या सगळ्याचा पाया मात्र छोट्या विमानात घातला जातो. सेस्ना १७२ मध्ये प्रशिक्षक कृत्रिम क्षितिज आणि दिशादर्शक यांवर रबरी चकत्या चिकटवतो. जुन्या सेस्नात ही दोन्ही उपकरणं निर्वात पंपावर चालतात आणि वळणदर्शक विजेवर, म्हणून पंप गेला तरी वळणदर्शक शाबूत राहतो. पंप गेल्यावर जायरो, म्हणजे उपकरणातली वेगाने फिरणारी चकती, काही मिनिटं मंदावत जातो आणि क्षितिज सावकाश कलतं. या विश्वासघातकी क्षितिजाला झाकून टाकायची सवय तिथेच लावतात. मग वळणदर्शकाची खूण धरून सेकंदाला ३ अंश वळायचं: ३० सेकंदांत ९० अंश, दोन मिनिटांत पूर्ण फेरी.

घड्याळ लागतं, कारण द्रवात तरंगणारं साधं होकायंत्र वळणात चुकतं. उत्तर गोलार्धात उत्तरेकडे वळताना ते मागे पडतं, दक्षिणेकडे वळताना पुढे धावतं. चुंबकीय विषुववृत्त, म्हणजे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जिथे जमिनीला समांतर असतं ती रेषा, केरळातल्या थुंबाजवळून जात असल्याने आपल्याकडे ही चूक युरोपपेक्षा कमी आहे, पण आहेच. दिशादर्शक पूर्ण गेला तर नियंत्रकाची मदत मागता येते. तो रडारवर बघून ‘वळा’ आणि ‘थांबा’ एवढंच सांगतो. वैमानिक सेकंदाला ३ अंशांनी वळतो, आणि धावपट्टीच्या रेषेत आल्यावर दीड अंशाने.