ग्रेटफुल डेड : मैफलींच्या टेपांची देवाणघेवाण

‘ग्रेटफुल डेड’ या अमेरिकी रॉक बँडच्या मैफली चाहत्यांनी स्वतः ध्वनिमुद्रित करायच्या आणि त्यांच्या प्रती पैसे न घेता एकमेकांना द्यायच्या, अशी ही प्रथा. १९७० च्या दशकाच्या आरंभी ती रुजली आणि रूप बदलून आजही चालू आहे. मुद्रण करणाऱ्याला ‘टेपर’ आणि बँडच्या चाहत्यांना ‘डेडहेड’ म्हणतात.

बँड १९६५ साली कॅलिफोर्नियात स्थापन झाला आणि मुख्य गिटारवादक जेरी गार्सिया यांच्या निधनानंतर, १९९५ मध्ये, थांबला. या तीस वर्षांत त्याने सुमारे २,३०० मैफली केल्या. आदल्या रात्रीचा कार्यक्रम दुसऱ्या रात्री जसाच्या तसा होत नसे. ‘डार्क स्टार’ हे गाणे १९६८ च्या तबकडीवर तीन मिनिटांच्या आत संपते; पुढच्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर वेस्टमध्ये ते तेवीस मिनिटे चालले. बंदिश तीच, पण बढत रोज नवी, हे मराठी श्रोत्याला वेगळे सांगायला नको. म्हणूनच स्टुडिओतल्या तबकड्या घेऊन डेडहेडांचे समाधान होत नसे. त्यांना अमुक गावची, अमुक तारखेची रात्र हवी असे.

सुरुवातीला यंत्रे लपवून आत न्यावी लागत. न्यूयॉर्कच्या लेस किपेल यांनी टेपांच्या मोफत अदलाबदलीसाठी मंडळ काढले आणि त्यातूनच १९७४ मध्ये ‘रेलिक्स’ हे नियतकालिक निघाले. बँडने आधी काणाडोळा केला, नंतर मोकळीक दिली. वाजवून झाले की ते संगीत ऐकणाऱ्यांचे, अशी गार्सियांची भूमिका होती. पुढे उंच दांड्यांवरच्या मायक्रोफोनांचे रान इतके माजले की ध्वनिनियंत्रकाला मंच दिसेना. त्यावर ऑक्टोबर १९८४ मध्ये बर्कलेच्या मैफलीत ध्वनिनियंत्रण कक्षामागे टेपरांसाठी वेगळी जागा राखली गेली. तिची तिकिटेही वेगळी असत. रेकॉर्ड कंपन्या चोरट्या मुद्रणामागे हात धुऊन लागल्या होत्या, त्या काळात एखाद्या बँडने असे करणे ही साधी गोष्ट नव्हती.

टेपरचे काम चिकाटीचे होते. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांत संपते, आणि वादन काही घड्याळ पाहून रंगत नाही. त्यामुळे टेपर एक कान संगीताकडे आणि एक डोळा फिरत्या चकत्यांकडे ठेवून बसे. ऐन भरात कॅसेट पालटावी लागली, तर ते काही सेकंद कायमचे जात आणि तो तुटका सांधा पुढच्या प्रत्येक प्रतीत तसाच उतरे. दुसऱ्या टेपरच्या मुद्रणातला तुकडा जोडून तो बुजवत. मायक्रोफोनजवळ टाळ्या वाजवणे, मोठ्याने बोलणे हा तिथे अपराधच मानला जाई.

देवाणघेवाणीचा एक नियम सर्वांनी पाळायचा : टेप विकायची नाही. जवळ काहीच नसलेल्या नवख्याने कोऱ्या कॅसेटी आणि परतीचे टपाल पाठवायचे. जुना संग्राहक त्यावर मैफल उतरवून द्यायचा. वेष्टणावर तारीख, गाव, गाण्यांचा क्रम आणि ही मूळ मुद्रणाची कितवी ‘पिढी’ (म्हणजे प्रतीवरून प्रत करत आलेली कितवी प्रत) हे बारीक अक्षरात लिहिलेले असे. दर पिढीगणिक खरखर वाढत जाई, म्हणून पहिल्या-दुसऱ्या पिढीच्या प्रतीला मोठा मान होता. श्रोत्यांतून केलेले मुद्रण आणि ध्वनिफलकावरून, म्हणजे मंचावरचे आवाज एकत्र करणाऱ्या यंत्रावरून, थेट घेतलेले मुद्रण यांत श्रेष्ठ कोणते, हा वाद तर अजून मिटलेला नाही. दुसरे अधिक स्वच्छ असते हे खरे. पण सभागृहाचा श्वास पहिल्यातच ऐकू येतो.

सर्वाधिक वाखाणली गेलेली टेप ८ मे १९७७ ची, इथाका येथील कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमधली. त्या रात्री मे महिन्यात बर्फ पडले होते. मुद्रण बँडच्या ध्वनितंत्रज्ञ बेटी कँटर-जॅक्सन यांचे. त्यांच्या फिती एका भाड्याच्या कोठारात होत्या. भाडे थकल्याने १९८६ मध्ये त्यांचा लिलाव झाला. त्यांतल्या काही चाहत्यांच्या हाती लागल्या, म्हणून हे संगीत घरोघरी पोहोचले. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने २०११ च्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत या मैफलीचा समावेश केला. अधिकृत आवृत्ती मात्र २०१७ मध्ये निघाली. म्हणजे जवळजवळ तीन दशके ती चाहत्यांनीच सांभाळली.

या छंदातूनच बँडला आपला अभिलेखपालही मिळाला. टेपा जमवणारे डिक लॅटव्हाला पुढे बँडच्या संग्रहाचे राखणदार झाले आणि १९९३ पासून त्यांनी निवडलेल्या मैफली ‘डिक्स पिक्स’ या मालेत प्रसिद्ध होऊ लागल्या.

कॅसेटी गेल्या तशी देवाणघेवाण आंतरजालावर आली. २००५ च्या अखेरीस ‘इंटरनेट आर्काइव्ह’ या मोफत डिजिटल संग्रहालयावरून या मैफली उतरवून घेण्याची सोय अचानक बंद झाली, तेव्हा चाहते खवळले. काही दिवसांतच श्रोत्यांनी केलेली मुद्रणे पुन्हा खुली झाली. ध्वनिफलकावरची मुद्रणे मात्र तिथे फक्त ऐकता येतात, उतरवून घेता येत नाहीत. ‘फिश’सारख्या पुढच्या पिढीच्या बँडांनीही टेपरांना मुभा दिली.

मुंबईत जन्मलेले उस्ताद झाकिर हुसेन यांनी या बँडचे तालवादक मिकी हार्ट यांच्याबरोबर ‘दिगा ऱ्हिदम बँड’ आणि ‘प्लॅनेट ड्रम’मध्ये वादन केले होते. खाजगी बैठकींच्या ध्वनिफिती एकमेकांकडून मागून जपणाऱ्या इथल्या रसिकांना डेडहेडांची ही असोशी ओळखीची वाटेल.