आपत्ती मदतनिधीची कागदपत्र छाननी (सार्वजनिक वाहतूक, गोवा)

पूर, वादळ किंवा दरड कोसळून बससेवा, फेरीबोटी, रस्ते, पूल आणि धक्के यांची हानी होते. कधी माणसे हलवण्यासाठी तातडीने वाहने लावावी लागतात. हा खर्च सरकारी मदतनिधीतून मिळावा म्हणून जे कागद सादर होतात, त्यांची तपासणी म्हणजे ही छाननी. तिला दोन अंगे आहेत. मागणी खरी आणि नियमात बसणारी आहे का, हे पाहणे हे पहिले. मागितलेला प्रत्येक कागद मुळात हवाच आहे का, हे पाहणे हे दुसरे. भारतात पहिल्या अंगाची घडी तपशीलवार बसलेली आहे. दुसऱ्यासाठी स्वतंत्र कायदा नाही, आणि गोव्यासारख्या पाण्याने कापलेल्या प्रदेशात ही उणीव मोठी आहे.

गोव्याची बससेवा १९८० मध्ये स्थापन झालेले कदंब परिवहन महामंडळ आणि खाजगी बसमालक मिळून चालवतात. फेरीबोटी नदी परिवहन खात्याच्या आहेत. बहुतेक रस्ते आणि पूल सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, म्हणजे वृत्तपत्रांच्या भाषेत साबांखाकडे. वाळपईहून पणजीला कामावर येणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हा सगळा एकच प्रवास असतो. नुकसान झाले की मात्र त्याच्या चार वेगळ्या फायली होतात, आणि प्रत्येकीचे नशीब वेगळे.

निधीची रचना

आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ४६ नुसार राष्ट्रीय आणि कलम ४८ नुसार राज्य आपत्ती प्रतिसाद निधी उभे राहिले. राज्य निधीत गोव्यासाठी केंद्राचा वाटा ७५ टक्के आणि राज्याचा २५ टक्के असतो. ईशान्येकडील आणि हिमालयीन राज्यांना ९०:१० हे प्रमाण लागू आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी राज्यांच्या आपत्ती जोखीम निधीचे ८० टक्के प्रतिसादासाठी आणि २० टक्के धोका आधीच कमी करण्यासाठी राखले. त्या ८० मध्येही ४० टक्के तातडीच्या मदतीला, ३० टक्के पुनर्बांधणीला आणि १० टक्के पूर्वतयारीला अशी फोड होती. केंद्राचा हिस्सा जून आणि डिसेंबर अशा दोन हप्त्यांत येतो. पुढचा हप्ता सुटण्यासाठी आधीच्या पैशाचा विनियोग दाखला, म्हणजे तो ठरल्या कामावर खर्च झाल्याचे प्रमाणपत्र, द्यावा लागतो.

पैसा मिळण्याआधीचा पहिला प्रश्न कारणाचा असतो. केंद्राच्या यादीत चक्रीवादळ, दुष्काळ, भूकंप, आग, पूर, त्सुनामी, गारपीट, भूस्खलन, हिमस्खलन, ढगफुटी, कीडहल्ला, आणि दंव व शीतलहर अशा बारा आपत्ती आहेत. यादीबाहेरच्या स्थानिक आपत्तींसाठी राज्याला आपल्या वार्षिक निधीच्या १० टक्क्यांपर्यंत खर्च करता येतो. ५ जुलै १९८६ रोजी मांडवी नदीवरचा नेहरू पूल कोसळला, तेव्हा पणजी आणि बेती यांच्यामधली वाहतूक फेरीबोटींवर येऊन पडली. नवा पूल झाला तो १९९२ मध्ये. आजच्या यादीला तो प्रसंग लावून पाहिला, तर पूल पुराने पडला की बांधकामातल्या दोषाने, यावर निधीचा दरवाजा उघडणार की बंद राहणार हे ठरले असते. धक्क्यावर रांगेत उभ्या असलेल्या लोकांचे हाल दोन्ही बाबतींत तेवढेच.

बस कोणत्या रकान्यात बसते?

निधीचे निकष वस्तूंच्या हिशेबाने लिहिलेले आहेत. घर, गुरे, शेत, होडी, रस्ता, पाण्याची योजना, विजेचे खांब, शाळा यांना रकाने आहेत. प्रवासी बस किंवा तिची बंद पडलेली फेरी यांना स्वतंत्र रकाना नाही. त्यामुळे सार्वजनिक वाहतुकीचा खर्च दुसऱ्याच कुठल्यातरी दाराने आत यावा लागतो.

पहिले दार रस्त्याचे. वाहून गेलेला भराव भरणे, मोऱ्या दुरुस्त करणे, तुटलेल्या पुलाशेजारी वळणरस्ता देणे, कॉजवे पुन्हा चालू करणे ही कामे तातडीच्या दुरुस्तीत मोडतात. पण राज्याने नेहमीच्या देखभालीची तरतूद आधी वापरावी, अशी अट आहे. म्हणून छाननी करणारा अधिकारी सर्वांत आधी हा खड्डा पावसापूर्वीचा की पावसातला, हेच विचारतो. पावसाळ्याच्या तोंडावर काढलेले, तारीख असलेले रस्त्याचे छायाचित्र इथे मोलाचे ठरते, आणि नेमके तेच बहुतेक फायलींत नसते.

दुसरे दार स्थलांतराचे. अडकलेल्या लोकांना बाहेर काढण्याचा आणि त्यासाठी भाड्याने घेतलेल्या बोटींचा प्रत्यक्ष खर्च निधीतून देता येतो. २३ जुलै २०२१ च्या पुरात म्हादई नदीचे पाणी सत्तरी आणि डिचोली तालुक्यांतल्या घरांत शिरले. अशा रात्री एखादी बस लोकांना शाळेत किंवा सभागृहात पोहोचवते, तेव्हा तिकिटे फाडली जात नाहीत. तिकीट नाही म्हणून वाहकाच्या वेबिलात, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाच्या तक्त्यात, ती फेरी नाही, आणि वेबिलात नाही म्हणून महामंडळाच्या हिशेबातही ती झालीच नाही. त्या फेरीचा एकमेव साक्षीदार म्हणजे चालकाची लॉगशीट: निघताना आणि परतताना किलोमीटरचा आकडा, वेळ, कुठून कुठे, आणि कोणाच्या सांगण्यावरून. यातला शेवटचा तपशील सर्वांत महत्त्वाचा. फोनवरून आलेला आदेश दुसऱ्या दिवशी तरी लेखी करून घेतला नाही, तर माणसे वाचवणारी फेरी कागदावर परस्पर काढलेली फेरी ठरते.

खाजगी बसमालकाची गोष्ट याच्या जवळची आहे. आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ६५ नुसार प्रशासन बचावकार्यासाठी वाहन ताब्यात घेऊ शकते आणि कलम ६६ नुसार त्या भागातल्या चालू भाडेदराने मोबदला देणे बंधनकारक आहे. रक्कम मान्य नसेल तर मालकाला ठरवून दिलेल्या मुदतीत लवादाची मागणी करता येते. हा हक्क बसमालकांना फारसा ठाऊक नसतो. पुरात उभी बस बुडाली तर मात्र त्याला विम्याकडेच पाहावे लागते, आणि केवळ तृतीय पक्ष विमा असेल तर तेही दार बंद. खोटी मागणी करणाऱ्याला कलम ५२ खाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

रेल्वेचा मामला पूर्णपणे वेगळा. त्याच २३ जुलैला दूधसागर आणि सोनावळी स्थानकांच्या दरम्यान दरड येऊन मंगळुरूहून मुंबईकडे निघालेली गाडी रुळावरून घसरली. हानी गोव्याच्या हद्दीत झाली, तरी लोहमार्गाच्या दुरुस्तीची फाईल रेल्वेची असते. राज्याच्या निधीशी तिचा संबंध येत नाही.

कागदाचा प्रवास

सुरुवात पंचनाम्याने होते. तलाठी जागेवर जातो, मामलेदार अहवाल पुढे पाठवतो, जिल्हाधिकारी तालुक्यांचे आकडे एकत्र करतो. जिल्हाधिकारीच जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचा अध्यक्ष असतो. मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालची राज्य कार्यकारी समिती निकषांशी मेळ घालून खर्च मंजूर करते. हानी राज्याच्या आवाक्याबाहेरची असेल तर केंद्राला निवेदन जाते, आंतरमंत्रालयीन पथक पाहणीला येते, आणि त्यावर उच्चस्तरीय समिती निर्णय देते.

कायद्याने संकटकाळात कागदाला थोडी सूट दिली आहे. कलम ५० नुसार तातडीच्या खरेदीसाठी निविदेची अट शिथिल होते, आणि अधिकृत अधिकाऱ्याने दिलेला वापराचा दाखला हिशेबासाठी वैध व्हाउचर मानला जातो. ही तरतूद फार विचारपूर्वक केलेली आहे. गुडघाभर पाण्यात डिझेल भरून देणाऱ्याकडे तीन दरपत्रके मागणे हा अन्यायच आहे. मात्र आदेशात या कलमाचा उल्लेख करून ठेवला नाही, तर पुढे लेखापरीक्षणात आक्षेप निघायला जागा राहते.

भाषेचा प्रश्नही याच प्रवासातला आहे. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी ही गोव्याची राजभाषा झाली आणि सरकारी कामात मराठीच्या वापरालाही जागा मिळाली. तरी कार्यालयातला बराचसा व्यवहार इंग्रजीतून चालतो. पेडणे, डिचोली, सत्तरी इथे मराठीतून लिहिणारा, वाचणारा वर्ग मोठा आहे. स्वतःची हानी आपल्याच भाषेत मांडता आली तर तपशील नेमके येतात. फॉर्म दुसऱ्या कुणाकडून भरून घेतला की ‘इतर नुकसान’ एवढेच शब्द उरतात.

फॉर्मचीच तपासणी : अमेरिकेतील पद्धत

छाननीचे दुसरे अंग अमेरिकेत कायद्याने बांधलेले आहे. १९८० च्या आणि १९९५ मध्ये सुधारलेल्या कागदकाम कपात कायद्यानुसार दहा किंवा अधिक व्यक्तींकडून वा संस्थांकडून माहिती मागवायची असेल, तर केंद्रीय खात्याला आधी ६० दिवस लोकांच्या सूचना मागवाव्या लागतात. मग प्रस्ताव अर्थसंकल्प कार्यालयाकडे जातो आणि सूचनांसाठी आणखी ३० दिवस मिळतात. फॉर्म भरायला किती तास लागतील, याचा अंदाज जाहीर करावा लागतो. मंजुरी जास्तीत जास्त तीन वर्षांची. मुदत संपली की पुन्हा तीच प्रक्रिया. मंजुरीसोबत मिळणारा वैध नियंत्रण क्रमांक नसलेला फॉर्म भरला नाही म्हणून कुणाला शिक्षा करता येत नाही.

तिथल्या सार्वजनिक वाहतुकीच्या आपत्कालीन मदत कार्यक्रमालाही ही तपासणी लागू आहे. हा कार्यक्रम २०१२ च्या कायद्याने सुरू झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सँडी वादळाने न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत समुद्राचे पाणी भरले, आणि जानेवारी २०१३ मध्ये त्यासाठी सुमारे १०.९ अब्ज डॉलर मंजूर झाले. गोव्याच्या दृष्टीने यातली खरी शिकण्याजोगी बाब रकमेची नाही. या कार्यक्रमात बस आणि रूळ यांच्या दुरुस्तीबरोबर स्थलांतराच्या फेऱ्या, तात्पुरती पर्यायी सेवा आणि ती चालवण्याचा खर्चही धरला जातो. तिथे बंद पडलेली सेवा ही स्वतःच एक हानी आहे.

केरी आणि तेरेखोल यांच्यामध्ये नदी आहे. फेरीबोट थांबली की तेरेखोलच्या माणसाला उरलेल्या गोव्यात यायला सिंधुदुर्गातून वळसा घ्यावा लागतो. पुराच्या दिवसांत धक्क्याच्या उताराची हानी साबांखा किंवा नदी परिवहन खाते मोजेल, बोटीचीही मोजेल. त्या वळशाचे भाडे आणि बुडालेली रोजंदारी लिहायला सध्याच्या कुठल्याही फॉर्मवर ओळ नाही.