हॅलोजनच्या हेडलाइटमध्ये झेनॉन बल्ब बसवणे

कंपनीने हॅलोजन बल्बसाठी बनवलेल्या हेडलाइटमधून तो बल्ब काढायचा आणि त्याच जागी बाजारातल्या किटमधला झेनॉन बल्ब लावायचा, ह्याला आपल्याकडे गॅरेजमध्ये सरळ "एचआयडी टाकणं" म्हणतात. एचआयडी म्हणजे हाय इंटेन्सिटी डिस्चार्ज. किटमध्ये दोन बल्ब, बल्बला लागेल तशी वीज पुरवणारे दोन बॅलास्टचे डबे आणि थोडी वायरिंग असते, काही कापाकापी नाही, तासाभरात काम होतं, त्यामुळे गाडीवाल्याला वाटतं की आपण फक्त बल्ब बदलला. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात नाना पेठ, दिल्लीत कश्मीरी गेट, जिथे जिथे गाडीच्या सामानाची दुकानं आहेत तिथे २००५ नंतरच्या दहाएक वर्षांत ही किटं भरपूर खपली. आता त्यांची जागा एलईडी बल्बने घेतलीय, पण समोरच्याचे डोळे दिपवण्याचं दुखणं तेच आहे.

मुळात दोन्ही बल्बमध्ये उजेड तयार व्हायची पद्धतच वेगळी. हॅलोजनमध्ये टंगस्टनची बारीक गुंडाळलेली तार तापून उजळते, तिला फिलामेंट म्हणतात. कारसाठीचा पहिला हॅलोजन बल्ब एच१, तो युरोपात १९६२ ला आला, आणि एकाच बल्बमध्ये लो बीम (जवळचा, खाली पडणारा उजेड) आणि हाय बीम (लांबचा) दोन्ही देणारा एच४ १९७१ ला. भारतातल्या बहुतेक साध्या गाड्यांत वर्षानुवर्षं हा एच४ च चालत आलाय, ६०/५५ वॅटचा. झेनॉनमध्ये तार नसतेच. क्वार्ट्झच्या छोट्याशा कुपीत झेनॉन वायू आणि धातूंचे क्षार असतात, दोन इलेक्ट्रोडमध्ये ठिणगी पेटते आणि ती विजेची कमान जळत राहते. ती पेटवायला बॅलास्ट क्षणभर २० हजार व्होल्टच्या वर झटका देतो (म्हणूनच चालू किटच्या वायरीला हात लावणं जिवावर बेतू शकतं), मग ३५ वॅटवर बल्ब शांत चालतो. कंपनीतूनच झेनॉन लावून आलेली पहिली गाडी म्हणजे १९९१ ची बीएमडब्ल्यू ७ सिरीज.

उजेडाचे आकडे बघितले तर मोह होणारच. एच४ चा लो बीम साधारण १००० लुमेन (लुमेन म्हणजे उजेड मोजायचं माप), हाय बीम १६५०. झेनॉनचा डी२एस बल्ब ३२०० लुमेन, तेही कमी वॅटमध्ये. म्हणजे तिप्पट उजेड आणि बॅटरीवर लोड कमी, असं दुकानदार सांगतो आणि त्यात खोटं काही नाही. पण हेडलाइटमध्ये किती उजेड निघतो ह्यापेक्षा तो कुठे पडतो हे जास्त महत्त्वाचं, आणि ते बल्ब ठरवत नाही, बल्बमागचा चकचकीत वाटीसारखा आरसा, म्हणजे रिफ्लेक्टर ठरवतो.

एच४ च्या हेडलाइटचं उदाहरण घ्या, कारण ते समजलं की बाकी सगळं समजतं. रिफ्लेक्टरचा प्रत्येक कोपरा एका ठरलेल्या जागी, ठरलेल्या लांबीची तार असणार असं धरून बनवलेला असतो, तिथे अर्ध्या मिलिमीटरचा फरकसुद्धा रस्त्यावर दिसतो. एच४ मध्ये लो बीमच्या तारेखाली धातूची एक छोटी वाटी असते, ती खाली जाणारा उजेड अडवते, म्हणजे फक्त रिफ्लेक्टरचा वरचा अर्धा भाग वापरला जातो आणि तिथून परतलेला उजेड रस्त्यावर खाली पडतो. त्या वाटीची एक कड तिरकी कापलेली असते, त्यामुळे आपल्याकडे डाव्या बाजूला, म्हणजे फुटपाथ आणि पाट्यांकडे उजेड थोडा वर चढतो आणि समोरून येणाऱ्याच्या बाजूला तो खालीच राहतो. किती साधी आणि हुशार रचना आहे ही! आता ह्याच जागी झेनॉनची कुपी ठेवली की तारेसारख्या सरळ कडा मिळत नाहीत, कमान गरम वायूमुळे वरच्या बाजूला वाकलेली असते, दोन टोकांना जास्त प्रखर असते, तिच्याभोवतीची क्षारांची धूसर चमकही उजेड टाकत राहते, आणि स्वस्त किटमध्ये वाटी एकतर नसते नाहीतर भलत्याच जागी असते. ज्या उजेडाला वाटी अडवणार होती तो रिफ्लेक्टरच्या खालच्या भागावर जाऊन सरळ वर उडतो, समोरच्याच्या डोळ्यात.

खऱ्या झेनॉन गाड्यांसाठीही हा प्रश्न होताच, म्हणून तिथे बल्बच दोन प्रकारचे केले. प्रोजेक्टरसाठी (म्हणजे समोर भिंग असलेल्या हेडलाइटसाठी) डी२एस, आणि रिफ्लेक्टरसाठी डी२आर, ज्याच्या काचेवर नको तो उजेड अडवायला काळे पट्टे रंगवलेले असतात आणि त्यामुळे तो २८०० लुमेनच देतो. शिवाय युरोपच्या नियमात २००० लुमेनच्या वरच्या लो बीमला दोन गोष्टी सक्तीच्या आहेत, मागे सामान भरलं किंवा माणसं बसली की बीम आपोआप खाली करणारी यंत्रणा, आणि हेडलाइट धुणारा वॉशर, कारण काचेवरच्या धुळीने एवढा उजेड सगळीकडे फुटतो. किट लावलेल्या गाडीत ह्यातलं काहीच नसतं, आणि आपल्याकडे तर मागे पाच जण आणि डिकीत तांदळाचं पोतं ठेवून गाडी गावाला निघते.

मग लावणारा खूश का असतो? कारण बोनेटच्या पुढचे पंधरा वीस मीटर पांढरेशुभ्र उजळतात. एवढ्या जवळच्या उजेडाला डोळ्याची बाहुली बारीक होते आणि लांबचा अंधार आणखी काळा वाटायला लागतो, म्हणजे ८० च्या स्पीडला जे लांबचं दिसायला हवं, बंद पडलेला ट्रक, बैलगाडी, रस्त्यात बसलेली गुरं, तेच कमी दिसतं, आणि उजेड वाढलाय ह्या भरवशावर माणूस स्पीड मात्र वाढवतो. मला ह्या सगळ्या प्रकारातली ही सगळ्यात वाईट गोष्ट वाटते. समोरच्याचं नुकसान तर उघडच आहे, पण लावणाऱ्याचीही फसवणूक होते आणि त्याला ती कळत नाही.

पावसात हे दुप्पट जाणवतं. जुलैमध्ये मुंबई-गोवा हायवेवर कशेडी घाटात किंवा आंबोलीच्या धुक्यात अशी गाडी समोर आली की भिजलेल्या काचेवर प्रत्येक थेंब पेटतो आणि दोन-तीन सेकंद रस्त्याची कडच दिसत नाही. बाईकवाल्याची, ज्याच्या हेल्मेटच्या काचेला वायपर नाही, आणि साठीच्या पुढच्या ड्रायव्हरची, ज्याचे डोळे दिपल्यावर सावरायला वेळ लागतो, त्यांची हालत तर विचारूच नका. वर उडालेला उजेड धुक्यावर आपटून लावणाऱ्याच्याच तोंडावर परत येतो.

बाकी तक्रारी छोट्या पण रोजच्या. झेनॉनला पूर्ण उजेडावर यायला काही सेकंद लागतात, त्यामुळे डिप्पर मारायला तो निकामी आणि वारंवार चालू-बंद केला तर बल्ब लवकर जातो. एच४ च्या किटमध्ये हाय-लो करायला चुंबकाने कुपी मागेपुढे सरकवतात, ती अडकली की गाडी कायमची हाय बीमवर. साध्या बॅलास्टमुळे रेडिओत खरखर येते. ज्या बल्बच्या काचेत अतिनील किरण अडवायची सोय नाही त्याने हेडलाइटचं प्लास्टिक पिवळं पडतं. आणि रंग! कंपन्या ४३०० केल्विनच्या (उजेडाच्या रंगाचं माप, आकडा वाढला की रंग निळा होत जातो) आसपासचा पांढरा बल्ब देतात, बाजारात ६००० आणि ८००० चे निळे जांभळे खपतात, त्यात उजेड उलट कमी असतो.

कायदा बऱ्याच देशांत ह्याच्या विरोधात आहे. ब्रिटनमध्ये हॅलोजनच्या हेडलाइटमध्ये एचआयडी बल्ब दिसला की कार एमओटी ह्या सक्तीच्या वार्षिक तपासणीत नापास, जर्मनीत गाडीची रस्त्यावर चालवायची परवानगीच रद्द होऊ शकते. भारतात मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत बदल करू देत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ प्रमाणे मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. केंद्रीय मोटार वाहन नियम १०६ तर अगदी मोजून सांगतो, ८ मीटरवर, दिव्याच्या उजवीकडे अर्ध्या मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर असलेल्या माणसाचे डोळे दिपता कामा नयेत. पण रात्री रस्त्यात हे तपासणार कोण? जुन्या काळी ट्रकच्या हेडलाइटचा वरचा भाग काळा रंगवायचे, त्यामागे विचार हाच होता.

ज्याला खरंच कमी दिसतं त्याच्यासाठी स्वस्त उपाय आहेत, आणि ते आधी करावेत. पिवळी झालेली काच पॉलिश करून घ्यावी. बॅटरीपासून जाड वायर आणि रिले (विजेवर चालणारा स्विच) टाकून बल्बला पूर्ण व्होल्टेज द्यावं, कारण जुन्या गाडीत स्विचमधून फिरून येता येता एक-दीड व्होल्ट सहज गळतो आणि हॅलोजनचा उजेड व्होल्टेजबरोबर भराभर पडतो. चांगल्या कंपनीचा ६०/५५ चाच बल्ब घ्यावा. झेनॉनच पाहिजे असेल तर हेडलाइट उघडून झेनॉनसाठीचा प्रोजेक्टर बसवतात, त्यात उजेड निदान कापल्यासारखा सरळ पडतो, पण आपल्या कायद्यात तोही बदलच धरला जातो. एलईडीच्या बाबतीत जर्मनीने २०२० पासून काही ठराविक बल्ब ठराविक मॉडेलच्या गाड्यांना मंजूर केलेत, तेही त्या त्या हेडलाइटमध्ये प्रत्यक्ष तपासून.

आपल्या गाडीचा बीम कसा आहे हे घरीही बघता येतं. सपाट जागी भिंतीपासून १० मीटरवर गाडी लावा, भिंतीवर बल्बच्या उंचीला खडूने रेघ मारा आणि लो बीम लावा. उजेडाची वरची कड रेघेच्या साधारण १० सेंटीमीटर खाली, स्पष्ट, आणि फक्त डावीकडे चढलेली दिसली पाहिजे. किट लावलेल्या गाडीत बहुतेक वेळा कड सापडतच नाही, भिंतभर पांढरा डाग आणि छताकडे उडालेले फटकारे दिसतात, मग स्क्रू फिरवून बीम कितीही खाली केला तरी ते फटकारे जात नाहीत, फक्त लांबचा रस्ता जातो.