सीएसएस अर्धवट कळणारे ब्राउझर: हा लोचा आला कुठून

सीएसएस म्हणजे वेबपान दिसावं कसं (रंग, रुंदी, मांडणी) हे ब्राउझरला सांगणारी भाषा. ती अजिबात न कळणाऱ्या ब्राउझरने खरं तर कधीच कुणाला फार छळलं नाही. कॅन्सस युनिव्हर्सिटीतून १९९२ला आलेला लिंक्स बघा, नुसता टेक्स्ट दाखवतो, एचटीएमएल (पानाचा मजकूर आणि सांगाडा) नीट लिहिलेलं असेल तर आजही बऱ्याच साइट त्यात वाचता येतात. वैताग आणला तो अर्ध्या हळकुंडाने पिवळे झालेल्या ब्राउझरांनी.

होकोन वियुम ली याने सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत असताना ऑक्टोबर १९९४ला सीएसएसची कल्पना मांडली, मग बर्ट बॉस त्याला येऊन मिळाला आणि डिसेंबर १९९६ला सीएसएस १ अधिकृत झालं. त्यात एक नियम फार हुशारीने घातलेला होता, जी प्रॉपर्टी (रंग, रुंदी असा गुण) किंवा तिची व्हॅल्यू कळत नाही ती ब्राउझरने गुपचूप सोडून द्यायची आणि पुढे वाचायचं. म्हणजे आधी साधी ओळ लिहा, खाली नवी लिहा, जुना ब्राउझर पहिली घेईल, नवा दुसरी घेईल. आपण आज ज्याला फॉलबॅक म्हणतो तो सगळा ह्याच नियमावर उभा आहे.

पण ब्राउझरला "मला हे कळतं" असं वाटत असेल आणि प्रत्यक्षात चुकीचं कळलेलं असेल तर हा नियम काय करणार? १९९७चा नेटस्केप ४ सीएसएसचं आतल्या आत जावास्क्रिप्ट करून घ्यायचा, त्यामुळे जावास्क्रिप्ट बंद केलं की स्टाइलपण गायब! मग लोकांनी शोधून काढलं की त्याला अ‍ॅट-इम्पोर्ट (दुसरी स्टाइल फाइल आत ओढून घेणारी आज्ञा) कळत नाही, झालं, भारी स्टाइल त्या फाइलमध्ये आणि साधी स्टाइल नेहमीच्या लिंकमध्ये.

मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोरर ५चं, म्हणजे आयई ५चं दुखणं वेगळंच, तेही विंडोजवरच्या. विड्थ ३०० पिक्सेल, दोन्ही बाजूंना २० पॅडिंग (मजकूर आणि बॉर्डर यांच्यातली मोकळी जागा) आणि ५ बॉर्डर दिली तर स्पेकप्रमाणे, म्हणजे अधिकृत नियमांप्रमाणे, डबा ३५० रुंद व्हायला हवा, आयई तो ३००तच बसवायचा. यावर मायक्रोसॉफ्टमध्येच काम करणाऱ्या टांटेक चेलिकने जो हॅक काढला त्यात व्हॉइस-फॅमिली नावाची, मुळात पान बोलून दाखवण्यासाठी असलेली प्रॉपर्टी वापरून आयईला नियम तिथेच संपला असं भासवलं होतं, आता वाचताना हसू येतं पण तेव्हा लाइव्ह साइटवर हे सर्रास चालायचं. आणि गंमत म्हणजे आज जवळपास प्रत्येकजण बॉर्डर-बॉक्स (विड्थमध्येच पॅडिंग आणि बॉर्डर धरायची सेटिंग) लावून आयईचीच पद्धत वापरतो, माझ्या मते तीच जास्त सोयीची होती.

त्याच चेलिकने २०००च्या मॅकवरच्या आयई ५मध्ये डॉकटाइप (पानाच्या अगदी वरची, एचटीएमएलचा प्रकार सांगणारी ओळ) बघून मोड बदलायची, म्हणजे जुनं पान जुन्या पद्धतीने आणि नवं स्पेकप्रमाणे दाखवायची युक्ती आणली, ती पुढे सगळ्यांनी उचलली. मग २००१चा आयई ६ आला आणि पुढचा आयई ७ यायला २००६ उजाडलं, एवढी वर्षं स्टार हॅक, अंडरस्कोअर हॅक, कंडिशनल कमेंट अशा फक्त आयईला वेगळी स्टाइल द्यायच्या युक्त्यांतच गेली.

ह्या मधल्या काळात, २००३ला, स्टीव्हन चॅम्पियन या वेब डेव्हलपरने प्रोग्रेसिव्ह एन्हान्समेंट हा शब्द आणला. आधी मजकूर, मग स्टाइल, मग स्क्रिप्ट. ब्राउझर ओळखून वेगवेगळी पानं देत बसण्यापेक्षा हे कितीतरी शहाणपणाचं होतं. २००९ला मॉडर्नायझर नावाची जावास्क्रिप्ट लायब्ररी आली, ती ब्राउझरचं नाव न विचारता फीचर आहे का तेवढंच तपासायची, आणि २०१३च्या आसपास अ‍ॅट-सपोर्ट्समुळे हीच तपासणी सीएसएसमध्येच करता यायला लागली. ज्याला अ‍ॅट-सपोर्ट्सच कळत नाही तो अख्खा ब्लॉक सोडून देतो, म्हणजे पुन्हा तोच १९९६चा नियम कामाला आला.

ईमेलवाल्यांच्या नशिबी मात्र हे सुख नाही. आउटलुक २००७पासून मायक्रोसॉफ्टने एचटीएमएल मेल दाखवायला वर्डचं इंजिन लावलं, त्याला फ्लोटसुद्धा (चित्र किंवा डबा एका बाजूला सरकवायची सोय) धड जमत नाही, त्यामुळे टेम्प्लेट बनवणारे अजूनही टेबलात टेबल घालत बसलेत.